बटण दाबले, पण संगणक सुरू होईना

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. शहरांतले आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा रीतसर उघडले ते ४ ऑक्टोबर २०२१ रोजी. मधले थोडे दिवस सोडले तर दीड वर्ष शाळांना कुलपे होती. त्या ऑक्टोबरच्या अखेरीस नागपूरच्या महाल भागातल्या, गांधीगेटपासून जवळच्याच एका शाळेत आम्ही गेलो होतो. शाळा जुन्या वाड्यात भरते. तिथल्या संगणकांच्या खोलीने दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे बंद दाराआड काढले होते. सहा संगणकांपैकी दोनच सुरू झाले. उरलेल्या चारांविषयी बाहेरच्या एका दुरुस्ती करणाऱ्याने दहा मिनिटांत निकाल दिला होता : तीन भंगारात काढा, चौथा फॉरमॅट करा.

फॉरमॅट करणे म्हणजे हार्डडिस्कवरचे सगळे पुसून टाकणे. त्या चौथ्या संगणकात दहावीच्या दोन तुकड्यांचे प्रकल्प होते, शाळेच्या वार्षिकांकाची जुळवून ठेवलेली पाने होती, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. शाळेच्या विज्ञानाच्या बाईंना तो निकाल पटला नव्हता. त्यांचा प्रश्न साधा होता. "चारही एकदमच कसे बिघडतील? आणि बिघडले म्हणजे नेमके काय बिघडले?"

हा प्रश्न घेऊन आम्ही, त्या बाई आणि नववीतली दहा मुले एक शनिवार त्या खोलीत बसलो. तोंडाला मास्क, हातात एक टेबल लॅम्प, एक साधा मल्टिमीटर, एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक मऊ ब्रश. त्या दिवशी जे केले ते कोणत्याही शाळेत करता येण्यासारखे आहे, म्हणून ते इथे सविस्तर सांगत आहोत.

एक तक्रार, आठ जागा

"संगणक सुरू होत नाही" हे वाक्य "पोराला बरे नाही" या वाक्याइतकेच मोघम आहे. त्यावरून औषध देता येत नाही. म्हणून आधी, संगणक सुरू होतो तेव्हा काय काय घडते, याची साखळी फळ्यावर लिहून काढली :

१. भिंतीतल्या सॉकेटमध्ये वीज असते.
२. ती तारेतून, एक्स्टेंशन बोर्डातून किंवा यूपीएसमधून संगणकाच्या पेटीपर्यंत येते.
३. पेटीतला एसएमपीएस २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची दिष्ट वीज तयार करतो.
४. समोरच्या बटणाचा संदेश मदरबोर्डला मिळतो आणि मदरबोर्ड एसएमपीएसला जागे करतो.
५. प्रोसेसर आणि रॅम कामाला लागतात.
६. पडद्याकडे चित्र जाते.
७. बायोस हा छोटा प्रोग्रॅम आपल्या नोंदी वाचतो.
८. हार्डडिस्कवरून विंडोज किंवा लिनक्ससारखी प्रणाली रॅममध्ये येते.

आठपैकी एकही कडी तुटली तरी बाहेरून दिसणारी तक्रार एकच. मग शोधायचे कसे? पहिल्या कडीपासून एकेक तपासत गेलो, तर वाईटात वाईट सात चाचण्या लागतील. पण मधोमध प्रश्न विचारला तर? "बटण दाबल्यावर आतला पंखा फिरतो का?" फिरत असेल, तर पहिल्या चार कड्या बहुधा ठीक आहेत, नसेल, तर दोष त्या चारांतच आहे. एका प्रश्नात आठाच्या चार जागा झाल्या. दुसऱ्या प्रश्नाला दोन, तिसऱ्याला एक. सोळा कड्या असत्या तर चार प्रश्न लागले असते, बत्तीस असत्या तर पाच. गणिताच्या शिक्षकांनी इथे २ चे घातांक खुशाल शिकवावेत. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधूनच पान उघडतो, तीच ही रीत.

याला आणखी तीन नियम जोडले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फुकटची आणि सोपी चाचणी आधी, खर्चाची नंतर. आणि चांगले चालणारे दोन संगणक हे आपले नमुने. संशयित भाग त्यांच्या भागाशी बदलून पाहायचा. प्रयोगशाळेत आपण तुलनेसाठी एक परीक्षानळी तशीच ठेवतो, त्यातलाच हा प्रकार.

पहिला संगणक : टेस्टर खरे सांगतो, पण अर्धेच

पहिल्याचा पंखा फिरेना, दिवाही लागेना. म्हणजे दोष पहिल्या चार कड्यांत. बाईंनी एक्स्टेंशन बोर्डच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला, तर आतला दिवा लागला. एक मुलगा म्हणाला, "लाइट तर येऊन राहिला, मॅडम! मग कॉम्प्युटरच खराब आहे."

आम्ही त्याच सॉकेटमध्ये टेबल लॅम्प लावला. तो लागला नाही.

टेस्टरमधला निऑनचा दिवा अगदी थोड्या विद्युतधारेवर उजळतो. ती धारा फेजच्या तारेतून, टेस्टरमधल्या मोठ्या रोधातून आणि आपल्या शरीरातून जमिनीकडे जाते. म्हणजे टेस्टर फक्त 'फेज आहे' एवढेच सांगतो. परतीची वाट, म्हणजे न्यूट्रल, शाबूत आहे की नाही हे त्याला कळत नाही. टेबल लॅम्पला मात्र पूर्ण मंडल लागते. न्यूट्रल तुटली असेल, तर टेस्टर उजळेल आणि लॅम्प लागणार नाही. इथे नेमके तेच होते. त्याच बोर्डावर उन्हाळ्यात कूलर लावला जाई. त्याची जड पिन रोज घालून-काढून न्यूट्रलची जोडणी सैल झाली होती, आणि शेवटी सुटली होती. भिंतीतल्या सॉकेटवर लॅम्प लागला, तिथेच संगणकही सुरू झाला. बोर्ड वायरमनकडून नवा करून घेतला. भंगारात निघालेला पहिला संगणक मुळात बिघडलेलाच नव्हता.

दुसरा संगणक : बटण म्हणजे फक्त विनंती

दुसऱ्याच्या सॉकेटवर लॅम्प छान लागला. मग पेटीच्या मागचा एसएमपीएसचा छोटा स्विच पाहिला. झाडलोट करताना तो चुकून बंद होतो आणि अख्खा दिवस वाया जातो. तो चालूच होता. तार नमुन्याच्या संगणकाची लावून पाहिली. तरीही काही नाही.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. जुन्या संगणकांत समोरचे बटण दिव्याच्या बटणासारखे थेट वीज जोडत-तोडत असे. १९९५ साली इंटेलने एटीएक्स ही रचना आणली आणि ही पद्धत बदलली. आता समोरचे बटण वीज जोडत नाही. ते मदरबोर्डला फक्त 'सुरू हो' असे कळवते. हा निरोप ऐकायला कोणीतरी जागे असले पाहिजे. म्हणून संगणक बंद असतानाही, मुख्य वीज चालू असेपर्यंत, एसएमपीएस ५ व्होल्टचा एक लहानसा पुरवठा मदरबोर्डला देतच असतो. त्याची तार जांभळी असते. बटण दाबले की मदरबोर्ड हिरव्या तारेचा विद्युतदाब शून्यावर आणतो, आणि मग एसएमपीएस पूर्ण शक्तीने सुरू होतो.

हे कळले की चाचणी आपोआप सुचते. वीज काढली. मदरबोर्डमधला २४ पिनांचा जोड सोडवला. कागदाला लावायच्या पिनेचा यू आकार करून तिने त्या जोडातली हिरवी आणि शेजारची काळी तार जोडली. म्हणजे मदरबोर्डऐवजी आपणच 'सुरू हो' म्हटले. मग वीज चालू केली. एसएमपीएसचा पंखा फिरला असता, तर दोष पुढे, बटणात किंवा मदरबोर्डात शोधला असता. तो फिरला नाही. मल्टिमीटरने जांभळ्या तारेवर मोजले : शून्य. एसएमपीएस ठीक असता, तर पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगी तारेवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळाले असते. म्हणजे ठरलेल्या आकड्याच्या ५ टक्के अलीकडे-पलीकडे. काही कंपन्या आपला वेगळाच जोड वापरतात. तारांचे रंग असे नसतील तर ही चाचणी करू नये.

एका मुलीने विचारले, "पण मीटरच खराब असला तर?" प्रश्न लाखमोलाचा होता. आम्ही नमुन्याच्या संगणकाची जांभळी तार मोजून दाखवली : ५ व्होल्ट. मीटर बरोबर होता. उपकरणावर विश्वास ठेवण्याआधी ते माहीत असलेल्या गोष्टीवर तपासावे, हे पुढे नागपूरकरांना मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळाले. ३० मे २०२४ रोजी शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले आणि देशभर बातमी झाली. त्याच दिवशी शहरातली इतर काही केंद्रे ४४ अंशांच्या आसपास दाखवत होती. हवामान खात्याने तपासून सांगितले की संवेदक बिघडला होता.

नमुन्याचा एसएमपीएस तात्पुरता लावला आणि दुसरा संगणक सुरू झाला. शाळेने फक्त नवा एसएमपीएस घेतला.

तिसरा संगणक : पंखा फिरतो, पडदा काळा

तिसऱ्याचा पंखा फिरत होता, दिवा लागत होता, पडदा मात्र काळाच. आणि आतून थांबून थांबून 'बीप' असा आवाज. आता दोष पाचव्या कडीपासून पुढे.

बटण दाबल्यावर एसएमपीएस आपले सगळे विद्युतदाब स्थिर होण्याची वाट पाहतो. साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत तो 'वीज ठीक आहे' असा इशारा देतो. तोवर प्रोसेसरला थांबवून ठेवलेले असते. इशारा मिळताच प्रोसेसर ठरलेल्या एका पत्त्यावरची पहिली आज्ञा वाचतो. ही आज्ञा हार्डडिस्कवर नसते. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये कायमची लिहिलेली असते. तिथला प्रोग्रॅम म्हणजे बायोस. नव्या संगणकांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे.

ही चिप का लागते? हार्डडिस्कवरचा प्रोग्रॅम रॅममध्ये आणायला आधी दुसरा प्रोग्रॅम चालू असावा लागतो. तो कोण आणणार? आधी अंडे की आधी कोंबडी, असाच हा पेच. स्वतःच्या बुटाचा पट्टा धरून स्वतःलाच उचलण्यासारखे हे काम, म्हणून इंग्रजीत त्याला 'बूट' होणे म्हणतात. चिपमधला न पुसला जाणारा छोटा प्रोग्रॅम हा पेच सोडवतो.

बायोस आधी स्वतःची तपासणी करतो. पडदा चालू होण्याआधीच दोष सापडला, तर सांगण्यासाठी त्याच्याकडे एकच साधन असते : आवाज. लांब-आखूड बीपांची भाषा प्रत्येक बायोस कंपनीची वेगळी, म्हणून ती मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहावी. इथे ती रॅमकडे बोट दाखवत होती. तरी आधी फुकटची चाचणी केली : नमुन्याचा मॉनिटर आणि त्याची तार लावून पाहिली. पडदा काळाच.

या संगणकात रॅमच्या दोन पट्ट्या आणि दोन खाचा होत्या. वीज काढून, पेटीच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवली आणि दोन्ही पट्ट्या काढल्या. नागपूरच्या कोरड्या हवेत अंगावर हजारो व्होल्टची स्थिर वीज सहज साठते. आपल्याला ती चिमटा काढते, चिपला मात्र मारू शकते. पट्ट्यांचे सोनेरी दात मऊ खोडरबराने अगदी हलक्या हाताने पुसले, रबराचा चुरा ब्रशने झटकला. मग मुलांनी तक्ता मांडला. पहिली पट्टी पहिल्या खाचेत : सुरू. दुसरी पट्टी पहिल्या खाचेत : सुरू. पहिली पट्टी दुसऱ्या खाचेत : बीप. दुसरी पट्टी दुसऱ्या खाचेत : बीप.

दोष पट्ट्यांत नाही, दुसऱ्या खाचेत आहे, हे मुलांनीच सांगितले. घाईने नवी रॅम आणली असती, तर पैसे गेले असते आणि संगणक तसाच राहिला असता. खाच ब्रशने साफ करूनही सुधारली नाही. एका पट्टीवर तो संगणक चालतो, जरा सावकाश. पण टंकलेखनाला तेवढे पुरते.

चौथा संगणक : विसरलेली तारीख

चौथा पडद्यावर बोलत होता : नोंदी हरवल्या आहेत, एफ१ दाबा. दाबले की पुढे, सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. याच वाक्यावरून 'हार्डडिस्क गेली, फॉरमॅट करा' असे सांगितले गेले होते. वास्तविक, डिस्क सापडतच नसेल तर ती फॉरमॅट तरी कशी करणार?

बाईंनी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख दाखवली. ती कित्येक वर्षे मागची होती.

तारीख, वेळ आणि 'प्रणाली कोणत्या डिस्कवरून घ्यायची' यांसारख्या नोंदी मदरबोर्ड जपतो. वीज नसताना त्यासाठी नाण्याएवढा सीआर२०३२ जातीचा ३ व्होल्टचा सेल असतो. भिंतीतली वीज चालू असते तेव्हा जांभळ्या तारेचा पुरवठा हे काम करतो आणि सेलला विश्रांती मिळते. शाळा बंद करताना खोलीचा मुख्य स्विच पाडला होता. ते योग्यच होते. पण त्या दीड वर्षात घड्याळ एकट्या सेलवर चालले आणि सेल संपला. नोंदी पुसल्या गेल्यावर बायोसने मूळचा क्रम धरला, आणि त्या क्रमात हार्डडिस्क पहिली नव्हती.

मल्टिमीटरने सेलवर २ व्होल्टही दाखवले नाहीत. चौकातल्या घड्याळाच्या दुकानातून एका मुलाने नवा सेल आणला. तारीख भरली, हार्डडिस्कला क्रमात पहिले स्थान दिले. संगणक सुरू झाला. प्रकल्प होते, वार्षिकांकाची पाने होती. पुढचे काम करण्याआधी बाईंनी ते सगळे पेनड्राइव्हवर उतरवून घेतले.

चारही एकदम का?

आता बाईंच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. चार संगणक, चार वेगळ्या कड्या. पण त्यांच्यामागे कारण एकच : बंद खोली. उन्हाळ्यातली उष्णता, पावसाळ्यातली दमट हवा, धूळ आणि न वापरणे. प्रत्येकात जी कडी सर्वांत कच्ची होती ती आधी तुटली.

उष्णतेचे गणित विशेष पाहण्याजोगे आहे. एसएमपीएसमध्ये आणि मदरबोर्डवर उभ्या नळकांड्यांसारखे कपॅसिटर असतात. त्यांच्या आत द्रव असतो आणि तो हळूहळू सुकतो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढले की कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते. एखाद्यावर '१०५ अंश, २००० तास' असे लिहिले असेल, तर ६५ अंशांना तो सोळापट, म्हणजे ३२,००० तास चालेल. ७५ अंशांना १६,००० तास. बाहेर ४५ अंश असताना कोंदट खोलीत, धूळ बसलेल्या पंख्यामागे चालणाऱ्या संगणकाचे आयुष्य कुठे जाते, ते यावरून दिसते. मदरबोर्डवरच्या कपॅसिटरचे सपाट डोके फुगलेले दिसले, तर त्याची वेळ भरली असे समजावे. पंखा आणि जाळी वर्षातून दोनदा साफ करणे हा सर्वांत स्वस्त विमा. कूलरचा झोत मात्र संगणकावर घेऊ नये. त्यात गारव्याबरोबर ओलावाही येतो.

जिथे हात घालू नये

एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नये, शिक्षकांनीही नाही. २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे शिखर २३० × १.४१४, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट असते, आणि आतले मोठे कपॅसिटर साधारण तेवढ्या दाबाला भारलेले असतात. तार काढल्यावरही तो भार काही काळ टिकतो. दुसऱ्या संगणकाच्या एसएमपीएसमध्ये नेमके काय गेले हे आम्ही पाहिले नाही, ते याचसाठी. जळका वास आला किंवा ठिणगी दिसली, तर मुख्य स्विच पाडावा आणि तपास तिथेच थांबवावा. पेटीत हात घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी तार काढावी. टेस्टर आणि चालू संगणकावरचा मल्टिमीटर मोठ्यांनीच हाताळावा. मुलांनी निरीक्षण करावे, नोंदी कराव्यात, पुढची चाचणी सुचवावी. त्यांचे शिकणे त्यातच आहे. आणि डिस्कवर काही महत्त्वाचे असेल, तर त्याची प्रत काढल्याशिवाय कोणालाही फॉरमॅट करू देऊ नये.

वर्गात करून पाहा

चालत्या संगणकात, मुलांना न दाखवता, एकच निरुपद्रवी दोष निर्माण करा : मॉनिटरची तार सैल करा, एसएमपीएसचा मागचा स्विच बंद करा, किंवा वीज काढून रॅमची पट्टी काढून ठेवा. मग गटांना शोधायला सांगा. अट एवढीच की प्रत्येक चाचणीआधी 'अमुक झाले तर दोष इकडे, नाही झाले तर तिकडे' असे वहीत लिहायचे. ज्या चाचणीची दोन्ही उत्तरे एकाच दिशेला नेतात, ती करण्यात अर्थ नाही, हे मुलांना लवकर कळते. सर्वांत कमी चाचण्या लागलेल्या गटाने आपली वही वाचून दाखवावी.

त्या शाळेत आता संगणकांच्या खोलीत दोरीला बांधलेली एक वही टांगली आहे. तिच्यात चार रकाने आहेत : लक्षण, चाचणी, निष्कर्ष, उपाय. पहिल्या पानावर मुलांच्या अक्षरात चारही संगणकांची हकीकत आहे. नवीन काही बिघडले की आधी ती वही उघडतात आणि मग दुरुस्ती करणाऱ्याला बोलावतात. तोही आता 'नवा घ्या' म्हणण्याआधी वही मागून घेतो.